अर्धे बळ

व्यायामासाठी मराठीत जे शब्द रुळले आहेत, त्यांपैकी बरेच बाहेरून आले. 'तालीम' अरबी, मूळ अर्थ शिकवणूक; म्हणूनच ती पहिलवानाची असते तशी नाटकाचीही असते. 'कसरत'ही अरबीच. 'जोर' फारसीतला. 'व्यायाम' मात्र आपण संस्कृतातून जसाच्या तसा उचलला आणि तो इतका शाळकरी झाला, की त्याच्या पोटात काय आहे हे पाहण्याची गरज कुणाला वाटत नाही. 'यम्' या धातूला 'वि' आणि 'आ' हे उपसर्ग लागून तो सिद्ध झाला. ओढणे, ताणणे, दोन दिशांना पसरणे हा त्याचा मूळ भाव. झगडा असाही त्याचा एक अर्थ संस्कृतात आहे. त्याच कुळातला 'व्याम' म्हणजे दोन्ही हात पसरले असता एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचे अंतर. मराठीत त्याचा 'वाव' झाला. विहिरीची खोली आणि दोराची लांबी पूर्वी वावांत मोजत. तेव्हा व्यायामाचे प्रामाणिक मराठी भाषांतर करायचे झाले, तर ते 'ओढाताण' असेच करावे लागेल.

गेल्या वर्षापासून आमच्या घरात या ओढाताणीचे एक यंत्र आहे. आम्ही म्हणजे महाविद्यालयात मराठी शिकवण्यात हयात घालवलेले नवराबायको. घर दोन खोल्यांचे, त्यांतली दीड खोली पुस्तकांची. व्यायामशाळेतली लोखंडी धुडे येथे मावणे शक्य नव्हते. हे यंत्र जेवणाच्या मोठ्या डब्याएवढे आहे. आत एक मोटर, मोटरीवर गुंडाळलेली चिवट दोरी, दोरीच्या टोकाला मूठ. यंत्र एका फळीला जखडलेले असते. त्या फळीवर आपण उभे राहायचे, दोरी ओढायची आणि परत जाऊ द्यायची. रात्री ते मोबाइलसारखे चार्जिंगला लावायचे. काम झाले की पलंगाखाली सरकवायचे. ओढताना हातावर किती भार यावा, हे अर्ध्या अर्ध्या किलोने ठरवता येते.

ते घेण्याचे कारण साधे होते. आमच्यापैकी एकीचे मनगट मोडले. पडणे काही मोठे नव्हते. ओल्या फरशीवर पाय सरकला आणि हात टेकला, एवढेच. पण इतक्याशा आघाताने हाड मोडावे याचा डॉक्टरांना संशय आला आणि त्यांनी हाडांची घनता मोजायला सांगितली. या मोजणीत तरुण, निरोगी हाड शून्यावर धरतात. उणे अडीच किंवा त्याखाली गेले, तर त्याला अस्थिभंगुरता म्हणावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने 1994 मध्ये ठरवले. आमच्या घरातला आकडा त्या रेषेच्या खाली होता. औषध सुरू झाले आणि त्याबरोबर सल्ला मिळाला: हाडांवर भार येऊ द्या. मोडलेल्या माणसाला भार घ्यायला सांगणे आम्हांला प्रथम विपरीत वाटले. पण त्यामागचा विचार जुना आहे. ज्या दिशेने भार येतो त्या दिशेने हाड स्वतःची घडण बदलते, हे जर्मन शल्यविशारद युलियुस वोल्फ याने 1892 मध्येच मांडले होते. स्नायू हाडाला ओढतो आणि त्या ओढीचा निरोप हाडापर्यंत पोचतो. चालण्याने मनगटाला आणि खांद्याला तो निरोप मिळत नाही.

याची उलटी बाजू अंतराळात दिसते. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्थानकात वजन जाणवत नाही. तेथे उपाय केले नाहीत, तर भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला सुमारे एक ते दीड टक्क्याने घटते. म्हणून अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. लोखंडाची वजने तेथे निरर्थक, तेव्हा 2008 मध्ये वर पाठवलेल्या व्यायामयंत्रात निर्वात नळकांड्यांच्या साहाय्याने खोटे वजन निर्माण केले आहे. आमच्या डब्यातले वजनही तसेच खोटे आहे. 'दहा किलो' हा आकडा दिसतो तेव्हा आत दहा किलोचे काहीही नसते. मोटरीला जाणाऱ्या विजेचे प्रमाण बदलून तेवढी ओढ उत्पन्न केलेली असते. लोखंडाला हिसका दिला की ते क्षणभर आपल्या गतीने पुढे जाते आणि हाताला विसावा मिळतो. मोटर ती सवलत देत नाही. शिवाय जाताना पाच आणि येताना सात, असाही हिशेब तिला सांगता येतो. स्नायू आखडताना जेवढा भार उचलतो, त्याहून अधिक भार तो लांबत असताना पेलू शकतो, म्हणून ही सोय. ओढण्यापेक्षा सावकाश सोडणे अवघड असते, हे आमच्या दंडांना पहिल्याच आठवड्यात कळले.

घरी वापरायच्या दोरीची कल्पना नवी नाही. स्वीडिश वैद्य गुस्ताव झांडर याने 1865 मध्ये स्टॉकहोमला यंत्रांनी व्यायाम देणारी संस्था काढली. त्याच्या यंत्रांत तरफेवरचे वजन पुढेमागे सरकवून ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे भार नेमता येई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यूजेन सँडो याने दाराला अडकवून ओढायच्या रबरी दोऱ्या विकायला काढल्या. हा सँडो 1904-05 मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला. त्याच्या दोऱ्या आपण विसरलो. त्याचे नाव मात्र दोरीवर वाळत घातलेल्या बिनबाह्यांच्या बनियनला चिकटून राहिले आहे. पुढे बुलवर्कर आला. स्प्रिंगची नळी आणि दोन बाजूंना केबल असलेल्या त्या उपकरणाच्या जाहिराती, त्यांतल्या फुगलेल्या छातीसह, आमच्या पिढीने नियतकालिकांच्या पानोपानी पाहिल्या. त्या जाहिराती तरुण पुरुषांसाठी असत. साठी उलटलेल्या, मनगट मोडलेल्या बाईने दोरी ओढावी असे त्यांत कुठे सुचवलेले आम्हांला आठवत नाही.

यंत्र घरात आल्यावर जो जो पाहुणा आला, त्याने बहुतेक एकच वाक्य उच्चारले: "आपल्या आयांना कुठे लागत होती असली यंत्रे? आडावरचे पाणी शेंदायच्या, जात्यावर दळायच्या. म्हणून तर ती हाडे दणकट." हे वाक्य आपल्या ललित लेखनातही फार रुळलेले आहे. रहाट, जाते, उखळ यांची नावे ओळीने घ्यायची आणि हरपलेल्या आरोग्याबद्दल सुस्कारा सोडायचा. वर्गात असे उतारे आम्हीही शिकवले आहेत. दिसायला उपमा बिनतोड आहे. रहाटावरून जाणारा दोर आणि मोटरीवरून सुटणारी दोरी यांत यंत्रशास्त्राच्या दृष्टीने फारसे अंतर नाही. आडाचा दोर वावांत मोजत, आणि 'वाव' तर व्यायामाचाच सोयरा.

पण आम्ही दोघांनीही आपापल्या घरी पाणी शेंदणारी आई पाहिली आहे. ती किती खेपा करील हे तिच्या खांद्याने ठरवलेले नसे. घरात माणसे किती, पाहुणे किती, सोवळ्याओवळ्याचे पाणी किती, यांवरून ते ठरे. ताप असला म्हणून पोहरा हलका होत नसे. गरोदरपणाचा आठवा महिना आहे म्हणून आडाचे पाणी वर येत नसे. उन्हाळ्यात तर ते आणखी खाली जाई आणि दोर वाढे. विश्रांतीचा दिवस नाही, जेवण सर्वांच्या मागून आणि उरेल ते. आमच्यापैकी एकाच्या आईची पाठ साठीच्या आतच धनुष्यासारखी वाकली होती. तिच्या हाडांची घनता कुणी मोजली नाही. पाहुण्यांना आठवतात त्या टिकलेल्या म्हाताऱ्या. ज्या टिकल्या नाहीत, त्या उपमेत येत नाहीत.

म्हणून रहाट आणि हे यंत्र यांतला खरा फरक आम्हांला लोखंड आणि वीज यांतला वाटत नाही. भार किती असावा हे कोण ठरवतो, एवढाच तो फरक आहे. दोर ओढणारीला आकडा बदलता येतो तेव्हा त्याला व्यायाम म्हणावे. येत नाही तेव्हा ते ओझे. कष्टाला व्यायाम म्हणून गौरवण्यात कष्टाचा मान वाढत नाही. त्या बाईला निवड होती असे मागाहून भासवले जाते, इतकेच.

आयुर्वेदाच्या ग्रंथांनी या भेदाचे भान ठेवलेले दिसते. चरकाने शरीराला स्थैर्य आणि बळ देणारी जी इष्ट हालचाल तिला व्यायाम म्हटले आणि ती मात्रेने करावी असे सांगितले. 'इष्ट' हा शब्द आम्हांला महत्त्वाचा वाटतो. सुश्रुत आणि वाग्भट यांनी मात्राही सांगितली: आपल्या बळाच्या अर्ध्याने व्यायाम करावा. पाणी शेंदणाऱ्या बाईला अर्धे बळ राखून ठेवण्याची मुभा कुठली? ते अर्धे राखता येणे हीच व्यायामाची पहिली अट आहे.

येथे एक अडचण उभी राहते आणि ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. आजचे शास्त्र अर्ध्यावर थांबत नाही. बोस्टनमध्ये मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. वृद्धनिवासातली दहा अशक्त माणसे, वय सरासरी नव्वद. त्यांना आठ आठवडे पायांचा भारयुक्त व्यायाम दिला, आणि भार ठेवला तो एकदाच जास्तीत जास्त उचलता येईल त्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत. ज्यांनी तो पुरा केला त्यांचे बळ सरासरी 174 टक्क्यांनी वाढले. संख्या फार थोडी होती. पण नव्वदीत स्नायू शिकत नाही, ही समजूत त्या दहा जणांनी मोडली. मग सुश्रुताचे अर्धे खरे की बोस्टनचे ऐंशी टक्के?

आम्ही बराच काळ हा वाद घरात घातला. एका पक्षाचे म्हणणे होते, "अहो, ग्रंथ नीट वाचा." तो वाचल्यावर वाद पुष्कळसा मिटला. अर्धे बळ ओळखायचे कसे, याची खूण ग्रंथातच दिली आहे: श्वास तोंडावाटे येऊ लागला की अर्धे झाले असे समजावे. म्हणजे हे माप उचललेल्या भाराचे नाही. सबंध देहाच्या दमाचे आहे. भार जड असू शकतो. मात्र तो आठदहा वेळा ओढून माणसाने थांबावे, बसावे, पाणी प्यावे, आणि उरलेले बळ दिवसाच्या इतर कामांसाठी हाताशी असावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनाही प्रौढांना स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करायला सांगतात आणि पासष्टीपुढच्यांना तोल व बळ यांचा अभ्यास तीन दिवस. रोज उठून झिजावे असे त्यांतही कुठे म्हटलेले नाही.

आमचा क्रम आता ठरून गेला आहे. आठवड्यातून तीन सकाळी, चहाच्या आधी. पाच प्रकार, प्रत्येकी दहा वेळा, दोन फेऱ्या. यंत्र सुरू झाले की पहिला प्रश्न विचारते तो नावाचा. त्याच्या स्मरणात दोन नावे आहेत आणि दोघांचे आकडे वेगळे. एकाचा बारा, दुसरीचा चारापासून सुरू झाला. प्रथम प्रथम आम्ही एकमेकांचा आकडा डोकावून पाहत असू. बारावाल्याने "थोडे वाढव की आता" असे म्हणून पाहिले. उत्तर आले, "माझं मनगट तुमच्या हातात नाही." त्यानंतर तो विषय निघाला नाही.

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचने दोन आहेत. 'आपण' ऐकणाऱ्याला पोटात घेते, 'आम्ही' त्याला उंबऱ्याबाहेर ठेवते. इतक्या वर्षांच्या सहवासाने आमचे बहुतेक व्यवहार त्या दुसऱ्या सर्वनामात चालतात. आम्हांला ते नाटक आवडले नाही, आम्ही गोड कमी केले, आम्ही थकलो. म्हातारपणही असेच जोडनावाने येईल, अशी काहीशी आमची समजूत होती. हाडांच्या तपासणीचा कागद मात्र एकाच नावाचा निघाला. संसाराचा गाडा दोघांनी ओढला असे म्हणता येते आणि ते खोटेही नाही. स्नायूच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. एकाने बारा किलो ओढून दुसरीचे हाड भरत नाही.

दुसऱ्याने करायचे ते एवढेच, की जवळ उभे राहून मोजायचे. मोठ्याने, एकापासून दहापर्यंत, आणि दोरी परत जाताना घाई न करता. आमच्या घरात हे मोजणे चांगले चालते. वर्गात वृत्ते शिकवताना मात्रा मोजण्याची सवय दोघांनाही होतीच. चाराचे आता सात झाले आहेत. डॉक्टर सांगतात की या वयात व्यायामाने घनता फार वाढत नाही. घसरण आवरते, आणि तोल सुधारला की पडण्याचा धोका कमी होतो. पुढची तपासणी वर्षभराने आहे. तिच्यात काय निघेल ते आम्हांला माहीत नाही. पुढच्या महिन्यात सातावर अर्धा किलो चढवायचा विचार आहे, पण तो आकडा जिचा तीच ठरवील.