काजळीचे सोंग

सोंग घ्यावे तर जव्हार-मोखाड्याकडच्या माणसांनी! होळीनंतर तिकडे बोहाडा रंगतो. संबळाच्या ठेक्यावर, टेंभ्यांच्या उजेडात गणपती, नरसिंह, रावण रात्री नाचत येतात. कोणता मुखवटा कोणत्या घराने नाचवायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. पूजेवाचून तो तोंडाला लावायचा नाही.

आणि आमच्या शहरातल्या शाळांची स्नेहसंमेलने? मुलांच्या तोंडाला काजळी फासायची, कमरेला झाडपाला, डोक्यात पिसे, हाती भाला. झाले 'आदिवासी नृत्य'! मागे अशाच एका संमेलनाला मोखाड्याची एक वारली मुलगी माझ्या शेजारी बसली होती. शहरात नर्सिंग शिकायला आलेली. रंगमंचावर हुर्र हुर्र सुरू झाले तशी हळूच म्हणाली, "काका, हे कुठले लोक?" थट्टा नव्हती हो, तिला खरेच ओळख पटेना. मी सांगितले. ती हसली, पण पुढे घरी पोचेपर्यंत बोलली नाही.

मुलांना काय बोल लावायचा? पाला बांधणारे हात मोठ्यांचे.

यंदा नातीच्या वर्गाचा तोच नाच आहे. मी तिच्या बाईंना भेटून आलो. म्हटले, वारली बाई गुडघ्यापर्यंत लुगडे नेसते, पाला नव्हे. तारपा दुधीभोपळ्याचा नि बांबूचा. वाजवणारा मध्ये, नाचणारे एकमेकांना धरून त्याच्याभोवती. भाल्याचे तिथे कामच नाही.

"पण काजळी नसली, तर लोकांना कळणार कसे?" बाई म्हणाल्या.

"वारल्यांचा तारपा नाच, असे नाव सांगा की!"

बाईंनी अजून होकार दिलेला नाही. संमेलन डिसेंबरात आहे.