चाकरी राजाची, लढाई सम्राटाची

दिल्लीच्या तीन मूर्ती चौकात एका स्तंभाभोवती कांस्याचे तीन सैनिक उभे आहेत. हैदराबाद, जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांच्या भालाईत घोडदळांचे हे प्रतिनिधी. पण त्यांच्यापाशी घोडे नाहीत.

संस्थानिकांनी आपल्या खर्चाने फौजेचा एक भाग सज्ज ठेवावा आणि युद्धप्रसंगी तो साम्राज्याच्या स्वाधीन करावा, अशी योजना इंग्रज सरकारने १८८९ मध्ये आखली. अशा शिपायाची चाकरी राजाची असे, लढाई मात्र सम्राटाची. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी तोफा व मशीनगनच्या माऱ्यातून दौडत हैफा घेतले. मेजर दलपतसिंह शेखावत तेथे धारातीर्थी पडले. समोरच्या तुर्काशी त्यांच्या संस्थानांचे कोणतेच वैर नव्हते.

पुढे साम्राज्य गेले, संस्थाने विलीन झाली. त्यांच्या उरलेल्या घोडदळांतून १९५३ मध्ये ६१ वी कॅव्हलरी उभी राहिली. २०१८ मध्ये चौकाच्या नावाला ‘हैफा’ची जोड मिळाली. ज्यांच्यासाठी ही माणसे लढली, त्यांची सत्ता उरली नाही. परक्याच्या युद्धात खर्ची पडलेले शौर्य परके ठरत नाही. मात्र त्याचा गौरव करताना, ते कोणी आणि कशासाठी मागून घेतले, हे विसरणे त्या मृतांवर अन्याय करण्यासारखे आहे.