पत्ता : कॅम्प नंबर दोन

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या वाटेला लागली, की विठ्ठलवाडीनंतर उल्हासनगर येते. दिवाळीचे कापड तिथे स्वस्त मिळते, अशी आमच्या सौभाग्यवतींची ठाम श्रद्धा. यंदा पिशव्या उचलायला मीही निघालो.

“कोणता कॅम्प?” रिक्षावाल्याने विचारले. २०११ च्या जनगणनेत पाच लाखांवर गेलेले हे शहर, पण पत्ता अजून छावणीचाच! दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचा तळ होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळजवळ लाखभर निर्वासितांना त्या बराकींतच आसरा मिळाला. १९४९ साली छावणीचे उल्हासनगर झाले.

पंजाब आणि बंगाल दुभंगले, तरी त्यांचा एक तुकडा इकडे राहिला. सिंध मात्र सबंध गेला. या माणसांना ना जमीन उरली, ना स्वतःचा प्रांत. मग बराकीतच कुणी पापड लाटले, कुणी मिठाई केली, कुणी कापडाचे गठ्ठे खांद्यावर घेऊन फिरले. आज इथले फर्निचर आणि जीन्स लांबलांब जातात.

दुकानाच्या गादीवर नव्वदीला टेकलेले एक दादा बसले होते. “मूळचे तुम्ही तिकडचे ना?” मी सहज विचारले. त्यांनी भिंतीवरच्या चौकटीकडे बोट दाखवले. वडिलांचे बी. ए.चे प्रमाणपत्र होते, मुंबई विद्यापीठाचे!

“साईं, १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. वडील शिकले कराचीत, पदवी मात्र मुंबईची. मी दहा वर्षांचा होतो, आगबोटीने इथे उतरलो, आणि एका दिवसात निर्वासित झालो.”

ते हसले; मला मात्र हसू आले नाही.

त्यांच्या मांडीवर एक वही होती. उजवीकडून डावीकडे अक्षरे धावत होती. मी नातवाकडे पाहिले. “मला नाही वाचता येत, काका,” तो स्वच्छ मराठीत म्हणाला. १९६७ साली सिंधी भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली. पण या घरात ती वाचणारे डोळे आता दोनच उरले होते.

“बराक मिळाली, तिचे घर केले,” दादा वही मिटत म्हणाले. “भाषेला बराकसुद्धा मिळाली नाही.”

परतताना सौभाग्यवती वाचलेल्या पैशांचा हिशेब सांगत होत्या. माझे लक्ष नव्हते. माझी नात इंग्रजी शाळेत जाते. त्या रात्री पिशव्या उघडण्याआधी मी तिची मराठीची वही मागून घेतली.