आखूडदांडी, बहुदुधी

बँकेत वीस वर्षं खुर्ची झिजवली की माणसाचा एकवेळ देवावरचा विश्वास डळमळेल, पण दुहेरी नोंदीवरचा नाही. इकडे काही जमा झालेलं दिसलं, की तिकडे कुणाच्या तरी नावे ते पडलेलंच असतं. हा सिद्धांत मोटारीलाही लागू पडतो, हे मात्र मला कळलं ते न्यू जर्सीत, ताईच्या गॅरेजमध्ये, हातात बॅटरी धरून उभा असताना.

भावोजींकडे 1992 सालची माझदा मियाटा आहे. 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी प्रथम झळकली आणि 2016 पर्यंत तिच्या भावंडांची संख्या दहा लाखांवर गेली. आसनं दोन, टप उघडणारा, गिअर पाच आणि तेही हातानं टाकायचे. अमेरिकेत आता असली गाडी चालवणारी माणसं आपल्याकडच्या मोडी वाचणाऱ्यांइतकीच उरली आहेत.

तर या गाडीला भावोजींना 'शॉर्ट शिफ्टर' बसवायचा होता.

"म्हणजे काय हो?"

"गिअर बदलताना हात कमी हलवावा लागतो."

मला एस.टी.चा जुना दांडा आठवला. तो टाकताना ड्रायव्हर असा काही वाकायचा, की शेजारच्या बाईनं पिशवी पोटाशी धरावी. मियाटाचं तसं नाही. मनगटाच्या झटक्यावर गिअर पडतो, म्हणून तर ती नावाजलेली. तिचा दांडा आखूड करायचा म्हणजे टकल्यानं केस बारीक करून घ्यायचे!

भावोजींनी पाकिटाच्या पाठीवर आकृती काढली. दांडा म्हणजे तरफ. मधे सांधा. समजा, सांध्यावरचा भाग खालच्या भागाच्या चौपट आहे. आत गिअरबॉक्समध्ये 1 सेंटिमीटर सरकवायला हात 4 सेंटिमीटर न्यावा लागतो. सांधा वर घेऊन हेच प्रमाण तिप्पट केलं, की काम 3 सेंटिमीटरमध्ये. हाताची वाटचाल 25 टक्क्यांनी कमी!

"आणि जोर?" मी विचारलं. वीस वर्षांची सवय.

"जोर... थोडा जास्त लागतो."

मी हिशेब केला. थोडा म्हणजे 33 टक्के. 25 जमा, 33 नावे! या अटींवर आमच्या शाखेत कुणी पासबुकसुद्धा भरून घेतलं नसतं. पण हौसेच्या खात्याला ऑडिट नसतं.

एवढ्यात भाचा सायकलचा पंप न्यायला आला. वय अठरा. ऑगस्टमध्ये कॉलेजला लांब निघायचा होता. बापाशी त्याचं बोलणं दोन शब्दांचं, 'ओके' आणि 'फाइन'. बापाचंही दोनच, 'अभ्यास' आणि 'फोन ठेव'. दोन वर्षं ताई त्या दोघांमधलं टपालखातं चालवत होती.

भावोजींचा हात एका बोल्टपर्यंत पोचत नव्हता. वाढत्या वयाबरोबर बोटंही जाड होतात. भाच्यानं काही न बोलता पंप खाली ठेवला आणि हात आत घातला. बोल्ट सुटला. तो घरी गेला नाही.

मग मूठ निघाली, मधली पेटी निघाली, धूळ अडवणारं रबर निघालं, ते तर फाटून पापडासारखं झालं होतं. दांडा वर ओढला तेव्हा खाली तेल दिसलं, किंवा एके काळी जे तेल होतं ते. दांड्याच्या टोकाचं नायलॉनचं टोपण झिजून गेलेलं. मी निघालेले बोल्ट स्टीलच्या वाटीत जमा करून घेत होतो आणि कागदावर आकडा मांडत होतो.

"नवं टोपण, नवं रबर आणि ताजं तेल एवढं घातलं तरी निम्मी गाडी नवी वाटेल," भावोजी म्हणाले.

"मग दांडा कशाला बदलायचा, बाबा?" भाच्यानं विचारलं.

दोन वर्षांत त्यानं बापाला विचारलेला हा पहिला प्रश्न असावा. भावोजींनी उत्तर द्यायला पाऊण तास घेतला. दुसऱ्या गिअरपाशी आत पितळेची कडी असते, ती दोन वेगवेगळ्या चालींची चक्रं आधी एका चालीवर आणते, तेल थंड असलं तर तिला वेळ लागतो, म्हणून दांडा आखूड झाला तरी घाई करायची नाही. "क्षणभर थांबायचं. ती होकार देते मग." मुलगा ऐकत होता. 'फाइन' म्हणाला नाही.

संध्याकाळी वाटी रिकामी झाली. निघाले तेवढे बोल्ट लागले. मी खाली सही करणार होतो. भावोजींनी किल्ली मुलाच्या हातात दिली. आसनं दोनच, तेव्हा माझा प्रश्नच नव्हता. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा गिअर करकरला. बापानं तोंड उघडलं, आणि मिटलं. ते काम मला गिअरबॉक्सच्या कामापेक्षा अवघड वाटलं.

"येताना दूध आणा रे!" ताई ओरडली.

दुकान दहा मिनिटांवर. तेवढ्या वेळात मी ताईला सगळा हिशेब समजावला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे खर्च करून जोर वाढवून घेतला!" ताई कॉमर्सची नाही, तरी ताळेबंद तिला बरोबर कळतो.

दोघं दीड तासानं आले. दोघांचे केस वाऱ्यानं विस्कटलेले, दोघं एकाच वेळी बोलत होते. ताईनं पाहिलं आणि टपालखात्यानं कायमचं कुलूप लावावं तशी हात पुसून आत गेली.

दूध आणायचं राहिलं होतं. रात्री आम्ही सगळ्यांनी काळा चहा घेतला.