पाठकोरी वही

दिवाळीच्या आधीची गोष्ट. जिनिंगची रात्रपाळी करून सकाळी घरी आलो, तर माझी सहा वर्षांची पोरगी आजीच्या मांडीला मांडी लावून बसलेली. पुढ्यात शिंदीची पानं. माय पानं विंचरून देत होती आन् पोरगी ती मुठीत धरून केरसुणी बांधत होती. वीतभर केरसुणी. बाहुलीचं घर झाडायला पुरंल एवढी.

मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"बाईंनी सांगितलं," पोरगी मान वर न करता बोलली. "सगळ्यांनी हातानं वस्तू करून आणायची. मले म्हणे, तू केरसुणी आण. तुझी आजी करते ना."

"आन् बाकीचे काय आणणार?"

"कोणी कागदाची फुलं. कोणी आकाशकंदील. कोणी मातीच्या पणत्या."

डोक्यात सणक गेली. मी तिच्या हातातली केरसुणी हिसकली आन् चुलीत टाकली. वाळलेली शिंदी, भककन पेटली. पोरगी लगेच रडली नाही. आधी तिनं चुलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग स्वतःच्या रिकाम्या मुठीकडं. आन् मग जी रडली ती शाळेची वेळ झाली तरी थांबंना.

दोस्तहो, हे मी मोठेपणा म्हणून लिहीत नाही. सभेत आपण जातीवर बोलतो, टाळ्या घेतो. मीही घेतल्यात. त्या सकाळी मी हात उगारला जातीवर, आन् तो पडला माझ्याच लेकीच्या खेळण्यावर. तो असा का पडला, ते मला शोधायचं आहे.

आमचं घर मांगाचं. आजा दोर वळायचा. पोळ्याला गावातल्या बैलांना नवे कासरे, नव्या म्होरक्या, नव्या वेसणी आजाच्या हातच्या. बैल सजायचे, वेशीत मिरवायचे. आजा बाजूला उभा राहून पाहायचा आन् मग दारोदार बलुत्याचे दाणे मागत फिरायचा. माय केरसुण्या बांधते. शिंदीचे झाप तोडून आणायचे, वाळवायचे, पानं विंचरून बारीक करायची, मूठ आवळून बांधायची. शिंदीचे काटे बोटांत मोडतात. मायच्या बोटांत असे किती काटे जिरले असतील, त्याचा हिशेब नाही. लक्ष्मीपूजनाला लोक नवी केरसुणी घेतात, तिला लक्ष्मी म्हणतात, हळदकुंकू वाहतात, हात जोडतात. लहानपणी मी मायबरोबर विकायला जायचो. लक्ष्मी ओसरीवर जायची. लक्ष्मी बांधणारी अंगणाच्या खाली उभी राहायची. पैसे वरून पडायचे.

मी सातवीपर्यंत शाळेत गेलो. पुढचं सगळं असंच मिळंल तिथून, मिळंल तसं वाचलेलं. एकोणीस वर्षांचा असताना 14 एप्रिलला संभाजीनगरात पुस्तकांच्या गाड्यावर बाबासाहेबांचं 'जातिनिर्मूलन' घेतलं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी 1936 साली लिहिलेलं आन् कधी करूच न दिलेलं ते भाषण. त्यात पेशवाईतल्या पुण्याची हकिगत आहे. अस्पृश्य माणसानं कमरेला झाडू बांधून चालायचं. त्याचं पाऊल धुळीत उमटलं तर ते मागच्या मागं पुसलं जावं म्हणून. हे वाचलं तेव्हा आमच्या कोपऱ्यात केरसुण्यांचा ढीग होता. मी रात्रभर त्या ढिगाकडं पाहत राहिलो. बांधणारे आम्ही, आन् तसलीच वस्तू आमचंच पाऊल पुसायला. त्या रात्री ठरवलं, माझ्या लेकराच्या हातात पेन येईल, केरसुणी येणार नाही.

म्हणून ती चुलीत गेली. पण गोष्ट एवढ्यावर संपली नाही.

माय जागची उठली नाही. केरसुणी बांधता बांधताच बोलली, "कायले जाळली रे? याच केरसुण्या विकून तुही पाटी आणली. लोकायनं आमाले हलकं मानलं, ते त्यायचं पाप. तू तं माह्या हातालेच हलकं मानलं."

मग दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

रात्रपाळीला मिलमध्ये उभा होतो. कापूस रोलरवर जातो. 100 किलो कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. रुईची 170 किलोची गाठ बांधली जाते. गाठीवर नंबर असतो, वजन असतं. ती कोणाच्या हातानं बांधली, हे नसतं. आमच्यातल्या एकाची दोन बोटं रोलरमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा होता. कापूस थांबला नाही. मला वाटलं, मालक आमच्या हाताला जेवढी किंमत देतो, तेवढीच मी मायच्या हाताला दिली. मग मी कसला कवी आन् कसला कार्यकर्ता?

पण बाईंचं बोलणंही डोक्यातून जाईना. मग बरोबर काय? मायचा हुन्नर पोरीनं शिकावा का शिकू नये?

यावर आपल्या आधी लोक भांडून गेलेत. मद्रास राज्यात 1953 साली राजाजींच्या सरकारनं प्राथमिक शाळेचे तास कमी केले. उरलेल्या वेळात पोरांनी घरचा धंदा शिकावा, अशी ती योजना. ऐकायला किती गोड. पण ज्याच्या घरचा धंदा वकिली त्याचं पोर काय शिकणार, आन् ज्याच्या घरचा धंदा मेलेलं ढोर ओढायचा त्याचं पोर काय शिकणार? पेरियारांनी आन् तिथल्या लोकांनी ओळखलं. त्यांनी त्याला कुळधंद्याचं शिक्षण असं नाव ठेवलं आन् रान उठवलं. राजाजी गेले, कामराज आले, 1954 साली योजना रद्द झाली. बाबासाहेबांनी 1936 सालीच दाखवून दिलं होतं की जात नुसती कामं वाटत नाही, काम करणारी माणसंच तोडते आन् एकावर एक रचते.

म्हणजे दोष केरसुणीत नव्हता. दोष वाटणीत होता. सगळ्या वर्गानं केरसुणी बांधली तर तो हुन्नर. एकट्या माझ्या पोरीनं बांधली तर ती जात. सरकारनं 2020 साली वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचं ठरवलं. पाटी बदलता येते. पण पहिलीच्या वर्गात कोणत्या पोराला काय करून आणायला सांगायचं, ते कोण बदलणार?

रविवारी सुट्टी होती. पोरीला म्हणालो, "चल, आपण वस्तू करू. तू नि मी."

ती म्हणाली, "तुम्ही जाळाल."

हे ऐकायचं होतंच. ऐकलं.

जिनिंगच्या काट्यावरच्या ऑफिसातली रद्दी मी मागून आणतो. एका बाजूला कापसाच्या गाड्यांचे आकडे, दुसरी बाजू कोरी. माझ्या सगळ्या कविता याच पाठकोऱ्या कागदांवर. त्यातले बारा कागद पोरीनं मोजून घेतले. मधोमध दुमडले, घडीवर वाटीचं बूड दाबून फिरवलं. गोण्या शिवायचा दाभण घेऊन घडीवर तीन भोकं पाडली, एक मधे, एक वर, एक खाली. दाभण मी धरला, भोकाची जागा तिनं दाखवली. दोरा मेणबत्तीवरून ओढून घेतला म्हणजे तो फिसकटत नाही. सुई आतल्या बाजूनं मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, तिथून सरळ खाली येऊन खालच्या भोकातून बाहेर, आन् परत मधल्यातून आत. दोन्ही टोकं आतल्या लांब दोऱ्याच्या दोन बाजूंना ठेवायची आन् गाठ मारायची.

माझी गाठ सुटली. परत मारली, परत सुटली. पोरगी हसायला लागली.

माय कोपऱ्यातून पाहत होती. उठून आली, माझ्या हातातून वही घेतली आन् एका झटक्यात गाठ मारली. "कासऱ्याची गाठ हाये ही," ती म्हणाली. "बैलानं ओढलं तरी सुटत नाही." दोन दिवसांनी ती माझ्याशी बोलली ते हे. पोरीनं आजीकडून ती गाठ चार वेळा शिकून घेतली. मीही शिकलो. आजाची गाठ मला सत्तावीस वर्षांत आली नव्हती.

पुठ्ठा साबणाच्या खोक्याचा. त्यावर कागद चिकटवायला चमचाभर कणीक वाटीभर पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळली, खळ झाली. रंग घरातलेच. गेरू होता, चुना होता, दिव्यावर ताटली धरून काजळी काढली. बाभळीचा डिंक पाण्यात भिजवून त्यात रंग कालवले म्हणजे ते धरून राहतात, हाताला सुटत नाहीत. चुना मी कालवला, लेकराच्या हाती दिला नाही. पोरगी म्हणाली, निळा पाहिजे. निळा नव्हता. मग कपड्यांची नीळ घेतली.

रंग वाळता वाळता मी तिला लेण्यांचं सांगितलं. अजिंठ्याची लेणी आमच्या फर्दापूरहून चार-पाच किलोमीटरवर. माणसं जगभरातून येतात, टी-पॉइंटवर उतरतात, गारगोट्या विकत घेतात, लेणी बघून जातात. तिथली चित्रं कशावर काढली? चिखलावर. मातीत साळीचा भुसा आन् गवताच्या काड्या मिसळून भिंत लिंपली. तुझी आजी घर लिंपते तशीच. वर पांढरा हात दिला. मग गेरूचा लाल, पिवळी माती, हिरवी माती, काजळीचा काळा. निळा तेवढा दुरून आणला, अफगाणिस्तानाकडचा लाजवर्द दगड कुटून.

"कोणी कुटला?" तिनं विचारलं.

मला सांगता आलं नाही. 16 नंबरच्या लेण्यात दान देणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव. 10 नंबरच्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1819 साली स्वतःचं नाव खरडून ठेवलं. दान देणाऱ्याचं नाव राहिलं, खरडणाऱ्याचं राहिलं. चिखल तुडवणाऱ्याचं, रंग कुटणाऱ्याचं नाव मी कुठं वाचलं नाही. अण्णाभाऊ 1958 च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात तळहाताबद्दल बोलले ते उगाच नाही. तळहाताचंच नाव सगळ्यात आधी पुसलं जातं.

पोरीनं वहीच्या पहिल्या पानावर आपलं नाव लिहिलं. मग विचारलं, "आजीचं नाव कसं लिहितात?" मी अक्षरं सांगितली, तिनं काढली. एक काना विसरली, नंतर घुसवला. माय अंगठा लावणारी. आपलं नाव तिनं राशनच्या कागदावर पाहिलं असंल, पण ते ऑफिसातल्या माणसानं लिहिलेलं. ती त्या अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाली, "एवढंच हाये का माहं नाव?"

सोमवारी मी शाळेत गेलो. भांडायला गेलो नव्हतो, पण आवाज चढला असंल. म्हणालो, "बाई, केरसुणी वाईट नाही. पण ती शिकवायची तर सगळ्या वर्गाला शिकवा. माझी माय येईल शिकवायला. पाटलाचं पोर बसंल, वाण्याचं बसंल, माझीही पोरगी बसंल. एकट्या माझ्या पोरीला सांगू नका."

बाई गोंधळल्या. "अहो, मी कौतुकानं म्हटलं होतं. तुमच्या आईंच्या हातात कला आहे."

मला त्या खोटं बोलत होत्या असं वाटत नाही. खरंच कौतुक असंल. पण मित्रांनो, जात दर वेळी शिवी देऊन येत नाही, कधी पाठीवर हात फिरवत येते. शिवी आपल्याला लगेच कळते. हे कळायला आपणच जागं राहावं लागतं.

मी म्हटलं, "कला आहे, तर वर्गात बोलवा."

त्या म्हणाल्या, "बघू."

हे लिहीपर्यंत मायला बोलावणं आलेलं नाही. वही मात्र शाळेच्या टेबलावर आकाशकंदिलांच्या शेजारी मांडली गेली, निळ्या पुठ्ठ्याची. दोन पोरांनी पोरीला विचारलं, ही कशी करायची. आता रविवारी आमच्या ओट्यावर पाच-सहा पोरं बसतात. दाभण मी धरतो, गाठ माय शिकवते. कागद जिनिंगची रद्दी. ज्या पोरांना पानं संपतील म्हणून बारीक अक्षरात लिहायची सवय लागली होती, ती आता मोठ्या अक्षरात लिहितात.

एक देणं राहिलं होतं. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री मी मायजवळ बसलो आन् म्हणालो, शिकव. शिंदीचा काटा अंगठ्यात मोडला. केरसुणी वाकडी झाली, मूठ सैल राहिली. माय म्हणाली, "ही कोणी फुकटबी नेणार नाही." जळाली तेवढीच वीतभर केरसुणी मी पोरीच्या हातात दिली. तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली आन् म्हणाली, "माही चांगली होती."

होती. मी मान्य केलं.

केरसुणीचा धंदा माझ्या पोरीच्या वाट्याला येऊ नये म्हणून मी भांडत राहणार. मायचा हात तिच्यापासून तोडणार नाही. आन् आमच्या घरात आता एक वाटणी मोडली आहे. सकाळी पाळीवरून आलो की घर मी झाडतो.