वारशाने आलेलं हृदय

बाबांकडून मला उंची मिळाली आणि हृदयाचा जाड स्नायूही. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. साधारण 500 माणसांत एकाला हा आजार असतो. 2009 साली भारतीय शास्त्रज्ञांच्या अभ्यासातून कळलं, की एका जनुकातला 25 अक्षरांचा तुकडा गळाला की हृदय कमकुवत होण्याचा धोका वाढतो, आणि दक्षिण आशियात सुमारे 4 टक्के लोकांत हा दोष आहे. म्हणजे मी एकटा नाही.

जळगावचा मे 45 अंशांपर्यंत तापतो. अंगातलं पाणी कमी झालं, की माझ्यासारख्यांच्या हृदयातून रक्त बाहेर पडायची वाट आणखी अरुंद होते. म्हणून पाण्याची बाटली कायम सोबत. मेहरूण तलावाकाठी मित्र धावतात, मी चालतो. कधी कधी फार राग येतो.

गेल्या महिन्यात धुळ्याला आत्याकडे गेलो. म्हटलं, “आत्या, तुझा आणि ताईचा हृदयाचा इको करून घे ना.” मुलीचं लग्न अडेल, या भीतीने आत्या गप्प राहिली. तिची भीती मला कळते. पण काका तरुणपणी अचानक गेले, तेव्हा घराने ‘नशीब’ म्हटलं आणि विषय संपवला. आता तो संपू द्यायचा नाही. स्थळ जुळेल किंवा मोडेल. आधी ताई जगली पाहिजे.