मागितली लहान, मिळाली मोठी

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी फार दिवसांपासून आहे. अपेक्षेहून अधिक हाती आले म्हणजे मन कसे फुलून येते, हे तीत थोडक्यात सांगितले आहे. भाजीवालीने तोललेल्या भाजीवर कोथिंबिरीच्या चार काड्या आपण होऊन ठेवल्या, तर त्या काड्यांच्या किमतीहून कितीतरी मोठा आनंद घेणाऱ्याला होतो. परदेशी प्रवास करणाऱ्यांना हाच अनुभव कधी कधी एका बऱ्याच मोठ्या वस्तूच्या बाबतीत येतो. ती वस्तू म्हणजे भाड्याची मोटार.

समजा, पुण्याचे एक कुटुंब स्कॉटलंड पाहावयास निघाले आहे. आई, वडील आणि दोन मुले. खर्चाचा हिशेब काटेकोर असल्यामुळे त्यांनी चार महिने आधीच एक लहान मोटार ठरवून ठेवली आहे. एडिंबरोच्या विमानतळावर उतरून ते मोटारींच्या कचेरीत जातात. तेथील कारकून कागद चाळतो आणि नम्रपणे म्हणतो, "आपण मागितलेल्या वर्गातील मोटार आज शिल्लक नाही. तेवढ्याच भाड्यात तिच्याहून मोठी देतो. चालेल ना?" मुले टाळ्या पिटतात. वडिलांच्या मुद्रेवरही हसू उमटते. त्या अपरिचित देशाने आपलेच खास स्वागत केले, असे त्या क्षणी सर्वांना वाटते.

हे स्वागत खरोखरच खास असते काय? त्यासाठी या धंद्याची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. अमेरिकेतील शिकागो शहरात वॉल्टर जेकब्स नावाच्या तरुणाने १९१८ साली मोटारी भाड्याने देण्यास आरंभ केला, तेव्हा त्याच्याजवळ अवघ्या बारा मोटारी होत्या. त्या सर्व फोर्ड कारखान्याच्या 'मॉडेल टी' जातीच्या. सगळ्या एकाच धाटणीच्या असल्यामुळे मागितलेल्या मोटारीहून वरच्या दर्जाची मिळण्याचा प्रश्नच तेथे नव्हता. पुढे मोटारींचे आकार व प्रकार वाढले आणि त्यांचे वर्ग पाडावे लागले. आज अनेक मोठ्या पेढ्या त्यासाठी चार अक्षरांची सांकेतिक खूण वापरतात. पहिले अक्षर मोटारीचा वर्ग सांगते, तर दुसरे तिची घडण. गिअर हाताने बदलावयाचे की ते आपोआप बदलतात, हे तिसऱ्यावरून कळते. आणि चौथे इंधन व वातानुकूलन यांविषयी असते. प्रवासी ठरवतो तो वर्ग. नेमकी अमुकच मोटार मिळेल, असे वचन त्याला सहसा कोणी दिलेले नसते. म्हणूनच कागदावर मोटारीच्या नावापुढे 'किंवा तत्सम' असे दोन शब्द लिहिलेले असतात.

लहान मोटारींचे भाडे कमी, म्हणून पुष्कळ ठिकाणी मागणी त्यांनाच अधिक असते. शिवाय मोटार ठरवूनही काही लोक येत नाहीत, हे पेढीवाल्यांना अनुभवाने ठाऊक असते. त्यामुळे ते कित्येकदा जवळ असतील त्यांहून अधिक मोटारींची नोंद घेऊन ठेवतात. एखाद्या दिवशी सगळेच येतात, परत यावयाच्या मोटारी वेळेवर येत नाहीत, आणि लहान मोटारी संपून जातात. मोठ्या मात्र आवारात उभ्याच असतात. दिलेला शब्द पाळावयाचा तर त्यांपैकीच एक देणे पेढीला भाग पडते. या रीतीला 'अपग्रेड' असे म्हणतात. कारकुनाने त्या कुटुंबाचा चेहरा पाहून मेहरबानी केली, असे नव्हे. पेढीने आपला शब्द राखला, एवढेच घडले.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. कधी कधी लहान मोटार शिल्लक असतानाही, रोजचे थोडे अधिक भाडे घेऊन मोठी देण्याची गोष्ट काढली जाते. ऐकताना दोन्ही गोष्टी सारख्याच गोड वाटतात. पण पहिलीत काही द्यावे लागत नाही आणि दुसरीत पैसे मोजावे लागतात. "याचे अधिक पैसे पडतील काय?" हा साधा प्रश्न भिडेपोटी न विचारता जो कागदावर सही करतो, त्याला मागाहून पस्तावण्याची पाळी येते.

त्या कुटुंबाला अधिक काही द्यावे लागले नाही. मोठी मोटार घेऊन ते निघाले. स्कॉटलंडमध्ये आपल्याप्रमाणेच वाहने डावीकडून चालतात. म्हणून वडिलांना ती हाकणे अवघड गेले नाही. रुंद रस्त्यावर ती पाण्यावरच्या नौकेसारखी चालली. सारे सामान मागे मावले आणि मुलांना पाय पसरून झोपता आले. १९९५ साली बांधून झालेल्या पुलावरून ते स्काय बेटावर उतरले, आणि तेथे मात्र निराळाच अनुभव आला. त्या बेटावरील कित्येक रस्ते एकच मोटार जाईल एवढे अरुंद आहेत. समोरून येणाऱ्याला वाट देता यावी म्हणून थोड्या थोड्या अंतरावर ते जरासे रुंद केलेले असतात. समोर वाहन दिसले, की जो अशा जागेच्या जवळ असेल त्याने थांबावे अथवा मागे सरावे, असा शिरस्ता आहे. लहान मोटार सहज मागे घेता आली असती. ही मोठी मोटार मागे घेताना वडिलांच्या कपाळावर घाम आला. आई खिडकीतून वाकून कडेच्या चराकडे पाहत राहिली आणि मागची मुले अगदी गप्प झाली. संध्याकाळी पेट्रोल भरताना आकडा अंदाजाबाहेर गेला, तो वेगळाच. फुकट मिळालेल्या हत्तीलाही चारा घालावाच लागतो.

याचा अर्थ मोठी मोटार घेऊच नये, असा नाही. बरोबर वृद्ध माणूस असेल, सामान पुष्कळ असेल, तर ती वरदानच ठरते. पण जिथे ती ओझे होईल, तिथे "लहानच हवी, आम्ही थोडा वेळ थांबतो" असे हसतमुखाने सांगावयास हरकत नसावी. मिळते आहे म्हणून घ्यावे, हे सोपे आहे. आपल्याला काय हवे होते, हे मिळण्याच्या आनंदातही न विसरणे मात्र कठीण आहे.

रस्त्यावरची ही अडचण चार दिवसांची. मनात शिरणारी अडचण अधिक टिकते. पुढच्या वर्षी हेच कुटुंब दुसऱ्या एखाद्या गावी गेले आणि त्यांना ठरवलेलीच लहान मोटार मिळाली, तर काय होईल? मोटार नवी असेल, स्वच्छ असेल, दिलेल्या पैशांना साजेशी असेल. तरीही धाकटा म्हणेल, "या वेळी एवढीच?" कोणी काही हिरावून घेतलेले नसते; पण गेल्या वर्षीची देणगी या वर्षी हक्क होऊन बसलेली असते.

आपल्या रेल्वेनेही २००६ साली अशीच एक योजना सुरू केली. वरच्या वर्गात जागा रिकाम्या राहिल्या, तर खालच्या वर्गातील पूर्ण भाडे भरलेल्या काही प्रवाशांना अधिक पैसे न घेता तेथे नेण्यात येते. ही निवड यंत्र करते. त्यात कोणाच्या योग्यतेचा विचार नसतो. म्हणून वर गेलेल्याने गर्व करण्याचे कारण नाही आणि मागे राहिलेल्याने खंत करण्याचेही नाही. त्या योजनेत आणखी एक गोष्ट घडते. वर गेलेल्याची मूळ जागा रिकामी होते आणि प्रतीक्षायादीतील एखाद्याला ती मिळते. आजारी आईला भेटावयास निघालेला कोणी मुलगा त्या रात्री तीच जागा मिळाल्यामुळे सकाळी घरी पोचतो. वरच्या वर्गातील मऊ बिछान्यावर झोपलेल्या प्रवाशाला त्याचे नावही ठाऊक नसते.